फवारणी वेळच्या वेळी, तरीही बोअरर दर वर्षी परत : कोनाच्या कॉफीमळ्यातील निदान आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. हंगामभर फवारणी वेळच्या वेळी केली, लेबलावरची मात्रा पाळली, औषधात काटकसर केली नाही, आणि तरीही ऑक्टोबरात तोडलेली फळे पाण्याच्या टाकीत ओतली की वर तरंगणाऱ्या, म्हणजे बोअरर या भुंगेऱ्याने पोखरून हलक्या केलेल्या फळांचा थर गेल्या वर्षीपेक्षा जाडच दिसतो. हवाई बेटावरच्या कोना भागातली कॉफी दाण्याच्या आकारावर आणि दोषांच्या संख्येवर प्रतवारी होऊन विकली जाते. एक्स्ट्रा फॅन्सी प्रतीत जायला हवा असा भरदार दाणा केवळ टाचणीएवढ्या भोकामुळे खालच्या प्रतीत जातो, आणि वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब तिथेच फसतो.

मी विदर्भाच्या कापूसपट्ट्यात वाढलो, शेतीचे शिक्षण अकोल्याला घेतले, आणि गेली काही वर्षे हवाई बेटाच्या दक्षिण कोना भागात एका साडेचार एकरांच्या मळ्याची व्यवस्था पाहतो आहे. पहिली दोन वर्षे हीच तक्रार माझीही होती. ती सुटली ती औषध बदलून नव्हे, तर कीड वर्षातले कोणते महिने कुठे काढते हे नीट पाहिल्यावर. कुर्गमध्ये, वायनाडमध्ये किंवा चिखलदऱ्याला ज्यांची कॉफीची झाडे आहेत, त्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडावे, कारण हा भुंगेरा भारतातही आहे. 1990 साली तो निलगिरीतल्या गुडलूरजवळ प्रथम सापडला आणि तिथून कुर्ग व वायनाडपर्यंत पोहोचला.

आधी कीड तीच आहे याची खात्री करून घ्यावी. देठाच्या विरुद्ध टोकाला फळाला जी बेंबी असते, तिच्यावर किंवा तिच्या कडेला एकच गोल, स्वच्छ भोक असेल आणि तोंडाशी लाकडाच्या भुशासारखी बारीक पूड असेल, तर तो कॉफी बेरी बोअरर म्हणजे फळ पोखरणारा भुंगेराच समजावा. फळाच्या कुशीवर वेडीवाकडी खरचट असेल किंवा साल नुसतीच काळी पडलेली असेल, तर कारण वेगळे आहे आणि पुढचे उपाय त्याला लागू नाहीत. भोक पाडणारी मादी काळी, दीड ते पावणेदोन मिलिमीटर लांबीची असते. नर तिच्याहून लहान असतो, त्याला उडता येत नाही, आणि तो जन्मापासून मरेपर्यंत एकाच फळात राहतो. फळाच्या आतच भावंडांचे मीलन होते, त्यामुळे बाहेर पडणारी प्रत्येक मादी आधीच फळलेली असते आणि ती एकटी नवा वंश सुरू करू शकते. ही गोष्ट मनात पक्की ठेवावी, कारण कामगंध सापळ्याने नर पकडून मीलन थांबवण्याची आपल्याकडची ओळखीची युक्ती इथे मुळातच चालत नाही.

आता खरे निदान. भोक दिसलेली निदान पन्नास हिरवी फळे मळ्याच्या वेगवेगळ्या भागांतून तोडून आणावीत, सावलीत बसून धारदार चाकूने एकेक फळ भोकातून उभे चिरावे आणि दहापट भिंगाखाली पाहावे. मादी कुठे आहे, एवढाच प्रश्न विचारायचा. ती सालीवर नुसती बसली असेल किंवा भोक पाडायला लागली असेल तर ती ए अवस्था. सालीच्या आत गेली आहे पण अजून दाण्याला तोंड लावलेले नाही, ती बी. दाण्यात शिरली, ती सी. आणि दाण्यात बोगदे, अंडी, पांढऱ्या अळ्या दिसू लागल्या, ती डी. पहिल्या दोन अवस्थांत मादी भोकाच्या तोंडाशी असते, म्हणून फवारा तिच्यापर्यंत पोहोचतो. सी आणि डी अवस्थेत ती दाण्याच्या भिंतीमागे सुरक्षित असते आणि कितीही फवारले तरी तिला काही होत नाही. माझ्या मळ्यात ज्या वर्षी मी पहिल्यांदा ही चिरफाड केली, त्या वर्षी जुलैच्या शेवटी हातात आलेल्या फळांपैकी निम्म्याहून अधिक फळे सी आणि डी मध्ये होती. याचा अर्थ असा की मी जूनपासून जे फवारत होतो, ते बहुतांशी रिकाम्या दारावर पडत होते.

म्हणून पहिले कारण वेळेचे. कोनात मुख्य बहर फेब्रुवारी ते मे या काळात, प्रत्येक चांगल्या पावसानंतर थोडा थोडा, असा टप्प्याटप्प्याने येतो, आणि एकाच फांदीवर वाटाण्याएवढे फळ व नुकतीच उमललेली पांढरी फुले शेजारी शेजारी दिसतात. फळाच्या दाण्यात सुका भाग साधारण वीस टक्क्यांच्या वर जाईपर्यंत तो दाणा मादीच्या पिलांना खाण्याजोगा नसतो. भुकेलेली मादी मात्र तोवर थांबत नाही. ती पाणचट फळात भोक पाडून आत जाते आणि दाणा घट्ट होण्याची वाट पाहत तिथेच, भोकाच्या तोंडाशी बसून राहते. मळेवाल्याच्या हाती येणारी सगळ्यात मोलाची वेळ हीच. पहिल्या बहराची फळे वाटाण्याएवढी झाली की त्यांची पाहणी दर पंधरा दिवसांनी सुरू करावी आणि ए-बी अवस्थेतली मादी दिसू लागताच पहिली फवारणी करावी. पंचांगातली तारीख ठरवून फवारणाऱ्याची ही वेळ जवळजवळ नेहमी चुकते, कारण ती वेळ पावसाने ठरते आणि पाऊस दर वर्षी वेगळा असतो.

औषध म्हणजे बहुतेक ठिकाणी बिव्हेरिया बॅसियाना हीच बुरशी. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ती नवी नाही. ती जिवंत आहे, हे तिच्याशी वागताना सतत लक्षात ठेवावे लागते. डबा उन्हात उभ्या पिकअपच्या मागे चार तास राहिला तर आतले बीजाणू मेलेले असू शकतात आणि डब्याकडे पाहून ते कळत नाही. उन्हातली अतिनील किरणे पानावर पडलेल्या बीजाणूंचाही लवकर नाश करतात. कोनाचे हवामान इथे मदतही करते आणि अडचणीतही आणते : सकाळी लख्ख ऊन, दुपारी मौना लोआच्या उतारावर ढग उतरतात, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत संध्याकाळच्या सुमारास पाऊस. बेटाच्या बहुतेक भागांत पाऊस हिवाळ्यात अधिक पडतो, कोनात मात्र तो उन्हाळ्यात अधिक, आणि नेमकी तीच हिरव्या फळांची वेळ. सकाळी फवारावे तर ऊन मारते, उशिरा फवारावे तर सरी धुऊन नेतात. आम्ही ढग भरून आल्यावर पण सर येण्याआधी, साधारण दुपारी एक ते तीनच्या दरम्यान फवारतो, आणि ज्या दिवशी बारालाच समुद्राच्या बाजूने काळोख दिसतो त्या दिवशी काम पुढे ढकलतो. द्रावणात चांगला स्टिकर, म्हणजे औषध फळाला चिकटवून ठेवणारा पदार्थ, घालावा, आणि नळी पानांच्या छतावर न धरता आतल्या फळांच्या घोसांवर धरावी. फवारणी लागू पडली का, हे आठवडाभराने पुन्हा फळे पाहून कळते. भोकाच्या तोंडाशी कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी बुरशी फुललेली दिसली की ती मादी गेली.

यात 2020 पासून एक नवी गुंतागुंत आली आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात माउई बेटावर कॉफीचा तांबेरा, हा पानांवरचा बुरशीजन्य रोग, सापडला आणि थोड्याच दिवसांत तो हवाई बेटावरही दिसला. कोनाची जुनी टिपिका जात तांबेऱ्याला बळी पडणारी आहे, म्हणून सगळ्यांनी तांब्याची बुरशीनाशके हातात घेतली. वेळ आणि मजुरी वाचवण्यासाठी ती बिव्हेरियासोबत एकाच टाकीत मिसळणारे मळेवाले मी पाहिले आहेत. बुरशी मारायचे औषध आणि जिला जगवायचे आहे ती बुरशी एकत्र कालवल्यावर बोअरर वाढला, तर त्यात नवल नाही. दोन फवारण्यांमध्ये अंतर ठेवावे, पंप मध्ये स्वच्छ धुवावा, आणि जे बुरशीनाशक वापरायचे त्याच्या लेबलावर बिव्हेरियाबद्दल काय म्हटले आहे ते वाचल्याशिवाय वेळापत्रक आखू नये.

वेळ आणि औषध या दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्यावर माझ्या मळ्यातला प्रादुर्भाव उतरला, पण अपेक्षेइतका नाही. एप्रिलमध्ये, म्हणजे नवी फळे पोसायच्या आधीच, मळ्यात एवढे भुंगेरे कुठून येतात, हा प्रश्न तसाच राहिला. शेजाऱ्याकडून, वाऱ्याने, हे सोपे उत्तर मीही काही काळ मान्य केले होते. जानेवारीच्या एका सकाळी, रात्री पाऊस पडून गेल्यावर, मी तोडणी संपलेल्या ओळीतून चालत असताना झाडावर राहिलेले एक काळे, सुरकुतलेले फळ तोडून पांढऱ्या बशीत चुरले. आतून तीस-पस्तीस काळ्या माद्या बाहेर आल्या आणि बशीच्या कडेकडे चालू लागल्या. एका फळातून. इथले मळेवाले अशा वाळक्या फळांना मनुका म्हणतात, आणि त्या ओळीत प्रत्येक झाडावर अशा दहा-बारा मनुका लटकत होत्या.

विदर्भातल्या वाचकाला यापुढे फार समजावून सांगावे लागू नये. शेवटच्या वेचणीनंतर कपाशी शेतात उभी ठेवून फरदड घेतली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. 2017 साली तिने विदर्भात काय केले ते आपण विसरलेलो नाही. कोनात फरदड कोणी मुद्दाम घेत नाही, ती आपोआप उरते. इथली तोडणी बहुधा वजनावर दिली जाते आणि हंगामी मजूर पौंडामागे पैसे घेतात. लाल, रसरशीत फळ टोपलीत वजन देते. वाळलेल्या मनुकेला वजन नाही, म्हणून तिच्याकडे हात वळत नाही. यात मजुराची चूक नाही. आपणच मजुरी अशी ठरवली आहे की कीड झाडावर ठेवण्यात त्याचे नुकसान नाही आणि उतरवण्यात फायदा नाही.

हा दोष इथे खोलवर का रुजला, तेही पाहण्यासारखे आहे. कोनात कॉफी 1828 साली सॅम्युअल रगल्स या मिशनऱ्याने आणली, आणि तेव्हापासून 2010 पर्यंत, म्हणजे एकशे ऐंशीहून अधिक वर्षे, हा भुंगेरा हवाईत नव्हता. समुद्रच कुंपण होता. मनुका झाडावर राहिल्या तर कोणाचे काही बिघडत नव्हते, आणि एकाच झाडावर वेगवेगळ्या वयाचे चार-पाच उभे धुमारे ठेवून दर वर्षी त्यातला एक जुना धुमारा कापायची छाटणीची रीतही त्या सुखाच्या काळात घट्ट झाली. बेटांवरच्या कॉफीचा हा दुबळेपणा सगळीकडचा आहे : जमैकात बोअरर 1978 साली पोहोचला, पोर्तो रिकोत 2007 साली, पापुआ न्यू गिनीत 2017 साली. आल्यावर तो जात नाही. ओआहू बेटावर तो 2014 मध्ये, माउईवर 2016 मध्ये आणि काउआईवर 2020 मध्ये सापडला. कुंपण पडल्यावरही मशागत मात्र कुंपणाच्या काळातलीच राहिली.

आता उपाय, आणि तो कष्टाचा आहे. हंगामाची शेवटची फेरी संपली की लगेच, फेब्रुवारीचा बहर येण्याआधी, सबंध मळ्यात एक वेगळी फेरी करावी, जिच्यात लाल, हिरवे, पिवळे, काळे असे काहीही न बघता झाडावरचे प्रत्येक फळ उतरवायचे. या फेरीची मजुरी वजनावर नव्हे, तर तासावर किंवा ओळीवर द्यावी. नाहीतर ती करूच नये, कारण ती होणार नाही. आमच्या साडेचार एकरांना चार माणसांचे जवळजवळ दोन आठवडे लागले आणि पहिल्या वर्षी हा खर्च मालकांना पटवणे मला जड गेले. उतरवलेली फळे झाकण असलेल्या बादल्यांत किंवा जाड पिशव्यांत तोंड बांधून न्यावीत. उघड्या गोणीतून माद्या उडून पुन्हा झाडावर जातात, आणि मळ्याच्या कडेला दोन दिवस पडून राहिलेली गोणी म्हणजे आपण हाताने केलेली लावण आहे. ही फळे खोल पुरावीत, किंवा काळ्या प्लास्टिकखाली हवाबंद करून काही आठवडे उन्हात तापवावीत.

जमिनीवर पडलेल्या फळांचा प्रश्न कोनात विशेष अवघड आहे. इथे काळीभोर माती नाही; पुष्कळ मळ्यांत झाडे तुलनेने कोवळ्या लाव्हाच्या खडकात, फटीत साठलेल्या सेंद्रिय गाळावर उभी आहेत. ज्या खडबडीत लाव्हाला हवाईयन लोक आआ म्हणतात, तिच्या खड्यांमध्ये गेलेले फळ वेचून काढता येत नाही. म्हणून जमिनीवर पडू न देणे हाच त्यावरचा खरा उपाय, आणि त्यासाठी हंगामात तोडणीच्या फेऱ्यांमधले अंतर कमी ठेवावे. आम्ही पूर्वी पाच-सहा आठवड्यांनी एक फेरी करायचो. आता जास्तीत जास्त तीन आठवडे. उष्ण हवेत बोअररची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. पिकलेले फळ तिच्या आत तोडून टाकीत गेले, तर पिल्ले उडायच्या आधीच कॉफीसोबत घराबाहेर निघतात. समुद्रसपाटीला जवळ असलेल्या मळ्यांनी हे अधिकच कडक पाळावे, कारण खाली दीडशे-दोनशे मीटरवर हंगामात चार-पाच पिढ्या होतात, तर सात-आठशे मीटरवरच्या थंड मळ्यात दोन-तीनच. वरच्या मळेवाल्याची पद्धत पाहून खालच्याने निश्चिंत राहू नये.

छाटणीचीही जोड हवी. वेगवेगळ्या वयाचे धुमारे एकाच झाडावर असतात तेव्हा बाराही महिने कुठे ना कुठे फळ असते आणि किडीला उपासाचा काळच मिळत नाही. आम्ही मळ्याचे चार तुकडे केले आणि दर वर्षी एक संपूर्ण तुकडा गुडघ्याच्या वर आडवा छाटतो. त्या तुकड्यात वर्षभर फळ नाही, म्हणजे बोअररही नाही, आणि शेजारच्या ओळीत फवाराही आतपर्यंत पोहोचतो. एक सावधगिरी मात्र अनुभवाने शिकलो : छाटणीआधी त्या झाडांवरची सगळी फळे उतरवून घ्यावीत. आम्ही पहिल्या वर्षी फळांसकट फांद्या ओळीत पसरवून ठेवल्या, त्या वाळू लागल्या, आणि त्यातले भुंगेरे शेजारच्या तुकड्यावर येऊन बसले.

कारखान्याच्या बाजूकडे बहुधा कोणी पाहत नाही. पल्परमधून, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या सालींच्या ढिगात आणि तरंगलेल्या फळांत जिवंत माद्या असतात. तो ढीग झाडांपासून दूर, झाकलेला असावा. तरंगणारी फळे वेगळी करून लगेच नष्ट करावीत. 'स्वस्तात विकू' म्हणून ती कोपऱ्यात ठेवण्याचा मोह टाळावा. इथल्या जपानी कुटुंबांनी रुजवलेली होशिदाना, म्हणजे सरकते छप्पर असलेली वाळवणीची माडी, पार्चमेंट, म्हणजे आतल्या पातळ कवचासकटचा दाणा, जलद आणि सारखा वाळवण्यासाठी उत्तम आहे, आणि दाण्यातली ओल अकरा-बारा टक्क्यांपर्यंत उतरली की आत उरलेल्या किडीची वाढ थांबते. पावसाळी आठवड्यात वाळवण रेंगाळली तर भोकांतून बुरशी शिरते, आणि मग दोष केवळ दिसण्यापुरता राहत नाही, तो पेल्यात उतरतो.

मेथनॉल आणि इथेनॉलच्या मिश्रणाचे लाल सापळे अनेकांनी लावलेले दिसतात आणि त्यात मेलेले शेकडो भुंगेरे पाहून समाधानही वाटते. सापळ्याने कीड आटोक्यात येते असे मानू नये. उडणाऱ्या माद्या कधी बाहेर पडतात, एवढी बातमी तो देतो, आणि ती बातमी फार उपयोगी आहे. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसाने सापळा एकदम भरला, तर जवळच कुठेतरी मनुका शिल्लक आहेत, असे समजून त्या ओळी पुन्हा तपासाव्यात. पाहणीसाठी इथे 30 झाडांची पद्धत शिकवली जाते : मळ्यात नागमोडी चालत तीस झाडे निवडायची, प्रत्येकावरच्या एका फांदीची हिरवी फळे मोजायची आणि भोकवाली वेगळी नोंदवायची. एका माणसाचे दोन-तीन तासांचे काम आहे. मी ते इतर कोणावर सोपवत नाही.

ज्यांनी हे सगळे केले आणि तरीही एका कोपऱ्यात प्रादुर्भाव हटत नाही, त्यांनी त्या कोपऱ्याच्या पलीकडे पाहावे. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला एक ओहोळ आहे आणि त्यात कोणी न लावलेली, रानात उगवलेली कॉफीची झाडे होती. त्यापलीकडचा मळा मालक परगावी असल्याने पडीक होता. ओहोळातली झाडे आम्ही बुंध्याशी कापली. पडीक मळ्याच्या मालकांना पत्र लिहून तोडणीची परवानगी मागितली, फळे त्यांची आणि मजुरी आमची या बोलीवर, आणि ती मिळाली. सलग दोन जानेवारींत आमच्या माणसांनी तिथेही सगळी फळे उतरवली आहेत. त्या कडेच्या सहा ओळी आता इतर ओळींसारख्याच दिसतात. या वर्षी एप्रिलच्या पहिल्या पाहणीत तीस झाडांवर भोकवाली फळे मला अकरा मिळाली, आणि चिरल्यावर त्यातली नऊ ए-बी अवस्थेत होती. त्याच दुपारी ढग आल्यावर पहिली फवारणी केली.